एका बाजूचा कठडा

माझ्या मावशीच्या यजमानांना आयुष्यात कुठलीही वस्तू नुसती विकत घेता आलेली नाही. दुकानात जावं, पैसे द्यावेत आणि वस्तू घेऊन घरी यावं, हा जो तुमचाआमचा सरधोपट मार्ग आहे, तो त्यांना बेजबाबदारपणाचा वाटतो. काका वस्तू निवडतात, आणि निवडणं हे त्यांच्या लेखी काही महिन्यांचं काम असतं. नोकरीसाठी मी पुण्याहून हैदराबादला, कुकटपल्लीला राहायला आले, तेव्हा आईने सांगितलं होतं, "तारनाक्याला मावशीकडे जात जा, पण काकांबरोबर बाजारात जाऊ नकोस." मी आईचं ऐकलं नाही. पहिल्याच महिन्यात त्यांच्याबरोबर कोठीच्या बाजारात छत्री घ्यायला गेले. काकांनी दुकानदाराला छत्री उघडून धरायला लावली, तांब्याभर पाणी मागवलं आणि ते छत्रीवर वेगवेगळ्या कोनांतून ओतून पाहिलं. मग दुसरी छत्री. मग तिसरी. चौथ्या दुकानात आम्हाला पाहूनच मालक म्हणाला, "साब, पानी खतम हो गया." छत्री आली ती दिवाळीनंतर. मावशीने ती कपाटात ठेवली आणि म्हणाली, "चला, पुढच्या वर्षीची सोय झाली."

काकांची सगळी नोकरी रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात गेली, त्यामुळे मोजल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास बसत नाही. शर्टाच्या खिशात लोखंडी टेप, पँटच्या खिशात सुतळीला बांधलेला ओळंबा आणि काखेत खाकी पुठ्ठ्याची वही, एवढं घेतल्याशिवाय ते दूध आणायलासुद्धा बाहेर पडत नाहीत. खुर्ची घ्यायची तर तिच्यावर बसून अख्खा पेपर वाचतात, अग्रलेखासकट. डबा घ्यायचा तर त्यात पाणी भरून तो दुकानात गोल फिरवून पाहतात. या सगळ्याला अपवाद एकच, आणि तो मावशी दर दोन दिवसांनी बोलून दाखवते. पंचेचाळीस वर्षांपूर्वी काका तिला पाहायला पुण्याला गेले होते. पोहे येण्याच्या आधीच, जेमतेम पाच मिनिटांत, त्यांनी होकार देऊन टाकला. "छत्रीला चार महिने आणि मला पाच मिनिटं," मावशी म्हणते. "माझी एकटीची निवड घाईत झाली गं." काका यावर चष्मा पुसतात आणि वहीत डोकं घालतात.

निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, गुडघ्यांना तेल चोळतात, नातवंडांच्या मागे लागतात. काकांनी एक जुना पिकअप घेतला. निवडायला दोन वर्षं लागली, हे सांगायला नकोच. विकणाऱ्याच्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीच्या हौद्यात सतरंजी टाकून त्यांनी दुपारची झोपसुद्धा काढून पाहिली होती. कशासाठी घेतला, असं विचारलं की म्हणायचे, "लागतो की. कोणालाबी लागतो." आणि खरोखरच तो सगळ्यांना लागायचा. गल्लीतल्या कोणाचा फ्रिज दुरुस्तीला न्यायचाय, कोणाच्या मुलीचं सामान वसतिगृहातून आणायचंय, भजनी मंडळाची पेटी पोचवायचीय, की काका किल्ली घेऊन हजर. पण त्या पिकअपचा खरा मान होता तो आवळीभोजनाच्या दिवशी.

कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली जेवायची ही पद्धत आपल्याकडे आहे आणि तेलुगू लोकांकडेही आहे, त्यामुळे मावशीच्या गल्लीत दोन्हींचं मिळून एकच जेवण होतं. शहराबाहेर एका ओळखीच्यांची बाग आहे. मोठ्या रस्त्यापर्यंत सगळे आपापल्या गाड्यांनी जातात, पण तिथून बागेपर्यंत दोन-अडीच किलोमीटर नुसता दगडमातीचा रस्ता. गाड्यांची पोटं घासतात. म्हणून गाड्या तिथेच सोडायच्या आणि पुढचा प्रवास पिकअपच्या हौद्यातून. पातेली, सतरंज्या, केळीची पानं आणि गल्लीतल्या सात-आठ बायका. खरं आवळीभोजन जेवणात नाही, त्या अडीच किलोमीटरांत आहे, असं मावशीचं मत. केबिनला पाठ लावून उजव्या कोपऱ्यात बसायचं, ही तिची जागा ठरलेली. आणि कढीचं पातेलं दोन्ही गुडघ्यांत धरून थेंबही सांडू द्यायचा नाही, हे तिचं काम ठरलेलं. प्रत्येक खड्ड्याला सगळ्या बायका एकमेकींवर आदळतात, मराठीत सुरू झालेलं गाणं तेलुगूत जाऊन दखनीत संपतं, आणि दोन-दोन नातवंडं असलेल्या बायका शाळेच्या सहलीला निघाल्यासारख्या हसत असतात. मी पहिल्या वर्षी गेले तेव्हा मावशी मला जरा वेगळीच बाई वाटली होती.

चढायची व्यवस्था म्हणजे मागचा फाळका पाडायचा, खाली दुधाचा क्रेट उपडा ठेवायचा आणि वरच्या दोघींनी हात धरून ओढायचं. दोन वर्षांपूर्वी मावशी क्रेटवर चढली आणि तिथेच थांबली. डावा गुडघा उचलेना. वरून ओढलं, खालून ढकललं, मग तीच म्हणाली, "नक्को, सोडा." मूळची पुण्याची असली तरी लग्नानंतर वर्षभरातच ती 'नको' विसरून 'नक्को' म्हणू लागली होती. तिला पुढे केबिनमध्ये काकांच्या शेजारी बसवलं. मागे बायकांचं हसणं चाललेलं, मध्ये काच. कढी दुसऱ्या कोणी तरी धरली होती आणि ती अर्धी सांडली. बागेत मावशी जेवली, पण कशालाच चांगलं-वाईट म्हणाली नाही. घरी आल्यावर पायातल्या चपला काढता काढता तिने सांगून टाकलं, "पुढच्या वर्षी हौद्यात बसून जाईन, नाही तर येणार नाही. काचेतून बघायला मला काय टीव्ही नाही?"

काकांनी दुसऱ्या दिवशी नवी वही काढली. त्यांना मुदत होती एका वर्षाची, म्हणजे त्यांच्या हिशेबाने ते घाईचंच काम होतं.

इथे माझं एक चुकलं. मला वाटलं, त्यात काय एवढं. मी फोनवर दोन मिनिटांत एक घडीची ॲल्युमिनियमची शिडी मागवली आणि मोठ्या ऐटीत तारनाक्याला पाठवून दिली. काकांनी ती तीन दिवस अंगणात उभी करून तपासली. चौथ्या दिवशी मला फोन आला. "शिडी चांगली आहे बेटा. बल्ब बदलायला एकदम छान. पण तुझी मावशी बल्ब नाही." दांड्या बारीक होत्या, त्यांच्यावर निम्मंच पाऊल टेकत होतं, हा त्यांचा आक्षेप. मग त्यांनी मला समजावलं, "हे बघ, शिडी भिंतीसाठी असते, जिना माणसासाठी असतो. आपल्याला मधलं काहीतरी पाहिजे."

हे मधलं काहीतरी शोधायला काका शहरभर हिंडले. सिटी बसमध्ये चढून, पायरी मोजून, पुढच्या थांब्यावर उतरायचे आणि मागच्या बसची वाट पाहायचे. असं करत त्यांनी एका सकाळी तारनाका ते कोठी हा रस्ता सहा बसमधून पार केला. एका लग्नाच्या स्वागत समारंभात नवरा-नवरीला भेटायला आम्ही रांगेत उभे होतो, तर काका एकदम खाली बसले. मला वाटलं चक्कर आली. ते स्टेजच्या पायरीला टेप लावत होते. मागचे गृहस्थ म्हणाले, "कुछ गिर गया क्या साब?" काका म्हणाले, "नहीं नहीं, बहुत अच्छी सीडी है." कोठीच्या एका दवाखान्यात तपासणीच्या टेबलापाशी दोन पायऱ्यांचं लोखंडी स्टूल आहे असं कोणी तरी सांगितलं, तर केवळ ते पाहायला नंबर लावून बसले. डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास होतोय? काका म्हणाले, मला काही नाही, तुमचं स्टूल बघू का. डॉक्टर सज्जन असावेत. त्यांनी स्टूल बघू दिलं आणि तेवढ्यात काकांचा रक्तदाब मोजून घेतला. तो जास्त निघाला. रक्तदाबाच्या गोळ्या काका अजून घेतात, आणि त्याचं श्रेय शिडीला देतात.

शेवटी तयार शिडी कुठेच मिळणार नाही, ती करून घ्यावी लागेल, असा निकाल लागला. हा निकाल मला पहिल्या आठवड्यातच ठाऊक होता, पण मी गप्प बसले. आमच्या कुकटपल्लीत कारखान्यांच्या बाजूला एक वेल्डिंगवाले आहेत, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. तिथे काकांना घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं. पाच शनिवार गेले. रिकाम्या गाडीचा हौदा जमिनीपासून सदतीस इंच. पण माणसं बसली की तो दबतो, म्हणून काकांनी गल्लीतल्या बायकांना भर दुपारी एकेक करून हौद्यात बसवून पाहिलं होतं. तिघी बसल्या की पस्तीस इंच. त्यामुळे मावशीने चौथ्या क्रमांकाने चढायचं, असं वहीत लिहून ठेवलेलं होतं. चौथ्या शनिवारी उस्तादांचा धीर सुटला. म्हणाले, "साब, सीडी एकीच है, नाप चार दफा हो गया. अम्मा चढ़ते कि इंजन चढ़ता?"

काका म्हणाले, "उस्ताद, इंजन रहता तो इत्ती फिकर कायकू करता?"

मग त्यांनी वही माझ्या हातात दिली. "बेटा, दोन पायऱ्यांतलं अंतर वाचून सांग त्यांना. चष्मा घरी राहिला." मी पानं उलटू लागले. मला वाटलं होतं बसची, स्टेजची, स्टुलाची मापं असतील. तीही होती. पण शेवटच्या पानांवर काकांनी एका जुन्या वहीतून उतरवून घेतलेली एक यादी होती. देवघराचा उंबरठा, डावा पाय, नऊ इंच सहज. देवळाची पायरी, आठ, भिंतीला हात. कोठीचा फूटपाथ, साडेसात, माझा हात धरला. गच्चीचा जिना, सात, मध्ये एकदा थांबली. प्रत्येकापुढे महिना आणि वर्ष. पहिली नोंद चार वर्षांपूर्वीची होती. तेव्हा मावशीच्या गुडघ्याबद्दल आमच्यापैकी कोणालाच काही माहीत नव्हतं, डॉक्टरांनाही नाही, आणि मला वाटतं मावशीलाही नसेल. काका तिच्या मागून चालत होते आणि तिचं पाऊल किती उचललं जातंय ते पाहत होते. मी मान वर न करता म्हटलं, "सात इंच." उस्तादांनी खडूने सात लिहिलं.

शिडी मात्र बघण्यासारखी झाली. सात-सात इंचांवर चार रुंद पायऱ्या आणि पाचवं पाऊल थेट हौद्यात. पायऱ्यांवर खडबडीत पत्रा, वर फाळक्याला अडकवायचे दोन आकडे, आणि उजव्या हाताला पाइपाचा कठडा. उजव्याच हाताला, कारण मावशीचा उजवा हात जास्त भक्कम, हे काकांनी तिला कणीक मळताना पाहून ताडलं होतं. मग चाचण्या. गल्लीतल्या सगळ्या बायका चढल्या. मला पाण्याने भरलेलं पातेलं घेऊन चढायला लावलं. मावशीला मात्र काकांनी हात लावू दिला नाही. "तिनं एकदाच चढायचं. त्या दिवशी."

गेल्या वर्षीच्या कार्तिकात मोठ्या रस्त्याच्या कडेला पिकअप उभा राहिला. तिघी चढल्या. चौथी मावशी. तिने कठडा धरला, पदर खोचला आणि एक, दोन, तीन, चार, अशी न थांबता चढून थेट आपल्या कोपऱ्यात जाऊन बसली. बसल्यावर म्हणाली, "कढी द्या इकडे." बायकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी टेपची पट्टी दोनदा बाहेर काढून आत सोडली. अडीच किलोमीटर मी मावशीच्या शेजारी होते. कढीचा एक थेंब सांडला नाही.

बागेत पोचलो. फाळका पडला, शिडी अडकली, बायका भराभर उतरल्या. मावशी फाळक्याच्या कडेशी आली आणि तिने उजवा हात पुढे केला. हात हवेतच राहिला. चढताना उजवीकडे असलेला कठडा उतरताना डावीकडे गेला होता. ज्या माणसाने शहरातल्या सहा बस मोजल्या, बायकांच्या वजनाने हौदा किती दबतो ते मोजलं, त्याने ही एवढी गोष्ट वर्षभरात एकदाही मनात आणली नव्हती. त्यांच्या वहीत मावशी फक्त चढत होती. कोणी तरी म्हणालं, पाठमोऱ्या उतरा, म्हणजे कठडा बरोबर हाताशी येईल. मावशी म्हणाली, "तोंड फिरवून उतरायला मी काय विहिरीत उतरायलेय?" आणि परत जाऊन कोपऱ्यात बसली. "मी इथंच बरी आहे. तुम्ही जेवून घ्या."

काका झाडाच्या बुंध्याशी जाऊन वही उघडून बसले. मी मागून डोकावले. कोऱ्या पानावर त्यांनी एकच शब्द लिहिला होता, 'उतरणे', आणि त्याच्यापुढे काही सुचत नव्हतं. त्यांना असं हरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी शेजारच्या तेलुगू आज्जींनी निकाल दिला. "चेट्टु किंद उंटे चालु." झाडाखाली असलं म्हणजे झालं. मग मावशी खाली येण्याऐवजी मावशीसकट पिकअपच आवळ्याखाली घ्यायचं ठरलं. काकांनी गाडी मागे घेत घेत अशी लावली की फांद्या बरोबर हौद्यावर आल्या. त्यानंतर जे झालं ते आवळीभोजन मी विसरणार नाही. बसल्या जागेवरून हात वर करून मावशी आवळे तोडत होती आणि खाली वाटत होती. कढी वरून वाढली जात होती. थोड्या वेळाने एकेक बाई पान घेऊन शिडीने वर आली, आणि पाहता पाहता सगळी पंगत हौद्यात. खाली उरलो मी, काका आणि पातेली. मावशी वरून म्हणाली, "अहो, शिडी झकास आहे हो. सगळ्या चढल्या." काकांनी पहिल्यांदा हसून वर पाहिलं.

संध्याकाळी मोठ्या रस्त्याशी आल्यावर मात्र उतरणं चुकणार नव्हतं. बायका उतरून बाजूला झाल्या. मावशी पुन्हा कडेशी आली, पुन्हा उजवा हात पुढे केला. काका चालत शिडीच्या त्या मोकळ्या बाजूला जाऊन उभे राहिले. म्हणाले, "ह्या बाजूला मी आहे. ये हल्लू." मावशीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. एकेक पायरी, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, ती खाली आली. सकाळपासून हे कोणाला सुचलं कसं नाही, असं मला वाटलं. मग वाटलं, सकाळी सुचलं असतं तर ती पंगत हुकली असती.

पुढच्या शनिवारी आम्ही उस्तादांकडे गेलो. त्यांनी सगळी हकिगत ऐकली आणि हातमोजे चढवले. "दूसरे बाजू भी पाइप मार दूँ साब? आधे घंटे का काम."

काकांनी टेप काढली नाही, वही उघडली नाही. "नक्को उस्ताद," ते म्हणाले. "वो बाजू मैं रहता."

पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. माझ्या माहितीत त्यांनी घाईने घेतलेले निर्णय हे दोनच. परत येताना मात्र माझ्या चेहऱ्यावर काही तरी दिसलं असावं, कारण त्यांनी आपण होऊन खुलासा केला, "दोन्हीकडं कठडा लावला ना बेटा, की शिडीचं वजन वाढतं. उचलायला त्रास." मी म्हटलं, "बरोबर आहे काका."

यंदा कार्तिकाच्या आधी काकांनी उस्तादांकडून चारही पायऱ्या कापून घेतल्या आणि त्याच उंचीत पाच लावून घेतल्या. दोन पायऱ्यांमधलं अंतर आता सहा इंचांहूनही कमी झालं आहे. मी विचारलं, तर म्हणाले, "हौदा काय खाली येणार नाही. पायऱ्या वाढवायच्या." मावशीला हे सांगितलेलं नाही. तिला वाटतं तिचा गुडघा सुधारला, आणि तसं ती सगळ्यांना सांगत असते.

परवाच आम्ही आवळीभोजनाला जाऊन आलो. मावशी चढली, कढी सांभाळली, आवळे वाटले. यंदा बागेतही उतरली आणि संध्याकाळी मोठ्या रस्त्याशीही. दोन्ही वेळा काका आपल्या बाजूला उभे होते. दुसऱ्या वेळी तिचा हात त्यांच्या खांद्यावर पडला, तेव्हा त्यांनी आपला दुसरा हात, स्वतःचा तोल सावरायला, हळूच फाळक्यावर टेकवला. नव्या वहीत ही नोंद कोण करणार, असं माझ्या मनात आलं. मग मी काकांच्या मागे जाऊन, हातभर अंतर ठेवून, मावशी जमिनीवर येईपर्यंत उभी राहिले. त्यांना सांगितलं नाही.